साडेनऊनंतरची वाट

कंपासपेटी पडली, डबा पडला, स्टीलची बाटली पडली, तर काय पडलं ते मला न बघता सांगता येतं. चोवीस वर्षं त्याच त्या वर्गांत काढली की असे आवाज पाठ होतात. २०२३च्या जुलैत, एका पावसाळी बुधवारी, शेवटून दुसऱ्या बाकावरून एक दप्तर घसरलं आणि शहाबादी फरशीवर जो आवाज झाला, तो यातला कुठलाच नव्हता. जड होता आणि पडल्यावरही जरा घुमत राहिला. वर्गात त्या दिवशी जेमतेम नऊ मुलं. एकानेही मान वळवून पाहिलं नाही. म्हणजे त्यांना माहीत होतं.

मी पुण्यातल्या एका रात्रशाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. शाळा संध्याकाळी साडेसहाला भरते आणि साडेनऊला सुटते. मुलं दिवसा गॅरेजमध्ये, मेसमध्ये, मार्केट यार्डात, कुरिअरच्या गोडाउनमध्ये कामं करतात आणि हात धुऊन, कधी न धुताच, वर्गात येतात. दप्तर घसरलं तो मुलगा दहावीतला, गॅरेजवर काम करणारा, नुकतीच सोळा पूर्ण झालेला. त्याचं नाव आणि वस्ती इथे लिहिणार नाही. घरी त्याला दादू म्हणतात, तेवढं पुरे.

दादूने दप्तर उचलून छातीशी धरलं आणि माझ्याकडे बघत राहिला. मी फळ्याकडे वळले आणि धडा पुढे चालू केला. तास संपल्यावर म्हटलं, "स्टाफरूममध्ये ये जरा."

"काय आहे त्यात?"

"काय नाय मॅडम."

"मी उघडू, की तू उघडतोस?"

त्यानेच उघडलं. कोयता होता. हातभर लांब, टोकाकडे वाकलेला, घासून घासून पातं पातळ झालेलं. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात तो इतका नीट बांधला होता, की लहान मूल गुंडाळावं तसा दिसत होता.

तेव्हा पुण्यात कोयत्याशिवाय दुसरा विषय नव्हता. २०२२च्या डिसेंबरअखेर सिंहगड लॉ कॉलेजच्या परिसरात दोघांनी कोयते नाचवत दहशत माजवली, पोलिसांनी पाठलाग करून एकाला पकडलं, आणि 'कोयता गँग' हा शब्द घराघरात पोचला. कोयते विकणाऱ्या दुकानदारांनी गिऱ्हाइकाचं आधार कार्ड पाहावं, इथपर्यंत गोष्ट गेली होती. टेबलावर पडलेल्या त्या कोयत्याकडे बघताना मला हे सगळं आठवत होतं आणि समोर तर फुलपँटचा काठ ओला झालेला, नाकाखाली कोवळी लव असलेला माझा पोरगा उभा होता.

मी त्याला "हे कशाला आणलंस?" असं विचारलं नाही. या प्रश्नाचं उत्तर मुलं ठरलेलं देतात: मित्राचा आहे, सापडला, नारळ सोलायला आणला होता. मी विचारलं, "कुणाची भीती वाटते?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, किती वाजले? दहानंतर ते तिथंच बसलेले असतात."

शाळेपासून त्याच्या घरी जायला दोन वाटा. मोठ्या रस्त्याने गेलं तर चाळीस मिनिटं. नाल्याच्या कडेने, छोट्या पुलावरून गेलं तर पंधरा. त्या बाजूची सोयीची बस शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधी निघून जाते. दिवसभर गाड्यांखाली आडवं पडून पाने फिरवलेला मुलगा पंधरा मिनिटांचीच वाट धरणार. पुलाच्या कठड्यावर पलीकडच्या वस्तीतली पोरं बसतात. जूनमध्ये त्यांनी याला अडवलं. एरिया कुठला, कुणाचा माणूस, असं विचारलं. हा नुसता बघत राहिला, तर "खुन्नस देतो का?" म्हणून कानाखाली मारली. मग कान धरून उठाबशा काढायला लावल्या, "माफ करा भाई" म्हणायला लावलं, मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि रात्री स्टोरीला टाकला.

"मारलं त्याचं काय नाय, मॅडम. तायडीनं व्हिडिओ बघितला. ती रडली."

गॅरेजवरच्या पोरांनीही बघितला होता. मालक हसला होता. पुढचे चार दिवस दादू कामावर गेला नाही. घरी मात्र कामावर जातो म्हणून निघायचा. मग एके दिवशी माळ्यावरचा कोयता काढून त्याने दप्तरात ठेवला. मला कळलं त्या दिवशी तो बाळगून अकरा दिवस झाले होते.

"मी कुणाला मारणार नव्हतो. नुसता दाखवला की सरकतात."

"आणि दाखवला का कुणाला?"

"नाय. पण आता मी नाल्याकडनंच जातो. रोज."

मला सगळ्यांत जास्त भीती या वाक्याची वाटली. आधीचे काही दिवस तो लांबच्या रस्त्याने जात होता, थकत होता, पण सुखरूप पोचत होता. दप्तरात कोयता आला आणि त्याने वाट बदलली. त्यांच्यासमोरून मान वर करून जायचं, हे आता त्याला रोज करावंसं वाटत होतं. भीती कमी व्हावी म्हणून घेतलेली वस्तू त्याला भीतीच्या तोंडाशी घेऊन चालली होती. समोरच्याकडेही कोयता असणार, आणि तो आधी निघणार, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. मी बोलले तर म्हणाला, "माहितीये."

तेव्हाच मला जूनमधला एक तास आठवला. २७ जून २०२३ला सदाशिव पेठेत, भर सकाळी, एका तरुण मुलीवर एका तरुणाने कोयत्याने हल्ला केला. ती पळत होती, माणसं बघत होती, आणि लेशपाल जवळगे नावाचा तरुण पुढे झाला, दुसरेही धावले आणि ती वाचली. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना दुसरं काही बोलायचंच नव्हतं. मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. सगळे एकदम बोलत असताना दादूने एवढंच विचारलं होतं, "त्याच्या हातात काहीच नव्हतं, मॅडम?" मी "काहीच नव्हतं" म्हणून पुढे गेले. तो प्रश्न कुठून आला हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. व्हिडिओ काढला गेला त्याला तेव्हा दोनच आठवडे झाले होते.

इथे मला नऊ वर्षं मागे जायला हवं. त्याशिवाय मी त्या बुधवारी वर्गात गप्प का राहिले, हे कळायचं नाही.

२०१४ साली नववीतल्या एका मुलाच्या कमरेला सुरा सापडला. मी वर्गशिक्षिका होते. मीटिंग झाली, अर्धा तास चालली. बाकीच्या मुलांची सुरक्षितता, शाळेचं नाव, पालकांना काय सांगणार, सगळं बोलून झालं. मुलगा बाहेर बाकावर बसला होता आणि त्याला आत कुणी बोलावलं नाही. त्याच दिवशी त्याचा दाखला तयार झाला. त्यावर माझी सही आहे. वर्तणुकीच्या रकान्यात मी 'चांगली' असं लिहिलं, दुसरीकडे प्रवेश मिळावा म्हणून. मला तेव्हा वाटलं होतं की मी त्याच्यावर उपकार करते आहे.

दुसऱ्या शाळेने घेतलं नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बस, असं कुणीतरी सुचवलं. पण सुचवणं वेगळं आणि हाताला धरून फॉर्म भरून घेणं वेगळं. आठ महिन्यांनी तो येरवड्याच्या निरीक्षणगृहात होता. मारामारीत एक जण गंभीर जखमी झाला होता आणि त्या टोळक्यात हा होता. मी भेटायला गेले. रागावेल वाटलं होतं, रागावला नाही. बोलता बोलता म्हणाला, "शाळा होती तवर साडेनऊपर्यंत कुठं बसायचं ते ठरलेलं असायचं, मॅडम."

त्याला सुरा का लागत होता ते मला तिथे, निरीक्षणगृहाच्या बाकावर कळलं. सावत्र बाप दारू पिऊन आईला मारायचा, आणि हा मध्ये पडायला लागला तसा यालाही. सुरा बाहेरच्या कुणासाठी नव्हताच. तो उशीखाली ठेवायचा असायचा आणि दिवसा घरात सापडू नये म्हणून हा बरोबर घेऊन फिरायचा. ही गोष्ट त्याने आम्हाला सांगितली असती. अर्ध्या तासाच्या त्या मीटिंगमध्ये आम्ही कुणी विचारलीच नाही.

त्यानंतर मी विचारायला लागले. नऊ वर्षांत मुलामुलींच्या दप्तरांतून, कमरेतून, गाडीच्या डिकीतून मला काय काय दिसलं आणि कशामुळे, हे मोजलं तर पंधरा-वीस प्रसंग होतील. फायटर होता, कटर होता, सायकलची चेन होती. एका मुलीकडे मिरचीची पूड आणि भाजीची सुरी होती, कारण कंपनीच्या गाडीतून उतरल्यावर तिच्या मागे कुणीतरी येत असे. यातल्या बहुतेकांना आधी कुणीतरी मारलेलं होतं. मारणारी मुलं आणि मार खाणारी मुलं असे दोन वेगळे गट आपण मनात धरतो. माझ्या हजेरीपटावर ती बऱ्याचदा एकच नावं निघाली. वेगवेगळ्या देशांत झालेल्या अभ्यासांतही हेच पुढे आलेलं आहे, की ज्याच्यावर हल्ला झालाय आणि ज्याचे मित्र हत्यार बाळगतात, तो स्वतः बाळगण्याची शक्यता वाढते. मला ते वाचून नवल वाटलं नाही.

दारू, गोळ्या, व्हाइटनरची फडकी, हे असतंच. रील्स असतात, तलवारीने कापलेले वाढदिवसाचे केक असतात, चौकातल्या फ्लेक्सवर गॉगल लावलेले भाई असतात. या सगळ्याबद्दल पेपरात भरपूर येतं, म्हणून मी लांबण लावत नाही. एवढंच सांगते, की रील बघणारी पोरं माझ्या वर्गांत साठ आहेत आणि दप्तरात लोखंड घेऊन येणारं एखादं. वस्तीचं नाव ऐकून मुलाला कामावर न घेणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

दुसऱ्या दिवशी दादूची आई आली. दोन घरांच्या धुण्याभांड्यांमधला वेळ काढून, अकराच्या सुमारास. शाळा तेव्हा बंद असते, म्हणून आम्ही फाटकापाशी चहाच्या टपरीवर बसलो. मला वाटलं होतं ती कपाळावर हात मारून घेईल. तिने पिशवीतला कोयता उलगडून मांडीवर घेतला आणि पात्यावरून अंगठा फिरवला.

"बाई, हा आमच्या दोघांचा आहे. ह्याच्यावर तेरा हंगाम केले."

बीडकडची माणसं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटा पुरुष किंवा एकटी बाई असेल तर अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते आणि फेडायचीही कोयत्यावर. दसरा झाला की ट्रकमध्ये बसून कारखान्याच्या पट्ट्यात जायचं, उसाच्या फडाच्या कडेला कोपी, म्हणजे झोपडी, उभी करायची, पहाटे तीनला तोडणीला लागायचं आणि पाडव्याच्या आगेमागे गावी परतायचं. दादू तिसरीपर्यंत दरवर्षी बरोबर गेला. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने शाळा नाही. तिकडे पोरांना सांभाळायला सहा-सात वर्षांची तायडी. पुढे मोळी वाहताना बापाचा खांदा गेला, अर्धा कोयता झाला, उचल फिटेना, आणि ही मंडळी पुण्यात आली. बाप आता एका सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन आहे. रात्री घरात मोठं माणूस आई एकटीच, आणि ती पहाटे पाचला उठायचं म्हणून दहालाच पडते.

चोवीस वर्षं मी मराठी शिकवतेय. कोयता या शब्दाला माणसांची जोडी असाही अर्थ आहे, हे मी त्या टपरीवर शिकले.

"खंडेनवमीला पुजतो आम्ही ह्याला," ती म्हणाली. "माझ्या लेकरानं ह्याला असं लपवून न्यायचं?" मग ती रडली.

१९५९चा शस्त्र कायदा काढून बघितला तर त्यातल्या व्याख्येतून, केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू वगळलेल्या आहेत. पण शहरात मनाई आदेश लागू असतात, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली असं हत्यार घेऊन फिरणं गुन्हा ठरतो, आणि दप्तरात लपवलेला कोयता ऊस तोडायला चालला होता असं कुणीच म्हणणार नाही. त्या अकरा रात्रींत एखाद्या नाकाबंदीत दादू सापडला असता, तर पेपरात दोन ओळींची बातमी आली असती: कोयता बाळगणारा अल्पवयीन ताब्यात.

पोलिसांकडे जावं की नाही, यावर मुख्याध्यापक आणि मी दोन दिवस बोलत होतो. आमचीच एक जुनी विद्यार्थिनी आता वकिली करते, तिला बोलावलं. तिने जे सांगितलं ते आम्हा शिक्षकांपैकी एकालाही माहीत नव्हतं, म्हणून इथे लिहिते. प्रत्येक पोलीस ठाण्यात मुलांसाठी नेमलेला बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो. मुलांशी बोलताना त्याने गणवेशात असायचं नाही. २०१५च्या बालन्याय कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. गुन्हा अतिगंभीर नसेल, तर सहसा एफआयआरही होत नाही. डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरची परिस्थिती, शाळा, संगत यांचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. आणखी एक कलम तिने वाचून दाखवलं, त्र्याऐंशी. मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढ माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड.

हे कलम मी एका कागदावर लिहून घेतलं, कारण तोवर दादूकडून आणखी एक गोष्ट कळली होती. व्हिडिओ पसरल्यावर त्याच्याच वस्तीतला एक मोठा माणूस, सत्तावीस-अठ्ठावीसचा, त्याच्या शेजारी येऊन बसला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आपल्या पोराला कुणी हात लावला?" गॅरेजचा मालक हसला, घरी कुणाला सांगता येत नव्हतं, आणि त्याच्या बाजूने पहिलं वाक्य बोलला तो हा माणूस. भुर्जीपाव खाऊ घातला. नवीन हँडसेट देतो म्हणाला. काम काय, तर कधीतरी एक पिशवी आठवडाभर घरी ठेवायची. "तू अठराच्या आतला आहेस, तुला काय होत नाय," असंही सांगितलं. हे वाक्य मी याआधी दोन मुलांच्या तोंडून ऐकलं होतं, अगदी याच शब्दांत.

दादूने हँडसेट घेतला नव्हता. अजून नव्हता घेतला.

मी मुलाचं नाव न घेता पोलीस ठाण्यात गेले. साध्या साडीतल्या एक मॅडम भेटल्या, त्यांनी तासभर ऐकून घेतलं. पुलाबद्दल सांगितलं, पिशवी ठेवायला देणाऱ्याबद्दल सांगितलं. रात्री साडेनऊ ते साडेदहा पुलाकडे गस्तीची गाडी यायला लागली. रोज नाही, पण कठड्यावरच्या पोरांना अंदाज लागू नये इतपत. पुलावरचा दिवा कित्येक महिने बंद होता. त्यासाठी अर्ज केला, परत केला, तिसऱ्यांदा मुलांच्या सह्या घेऊन केला. दिवा लागला तेव्हा गणपती होऊन गेले होते.

पण पहिल्या आठवड्यात करायचं होतं ते यातलं काही नव्हतं. दादूला घरी कसं पोचवायचं, एवढाच प्रश्न होता. शेवटचा तास वीस मिनिटं आधी सोडायचा आणि ती वीस मिनिटं रविवारी भरून काढायची, असं ठरवलं. मग बस मिळायला लागली. त्या बाजूला राहणारे आणखी तीन जण निघाले, चौघं मिळून जायला लागले. त्यातला एकजण मेसमध्ये पोळ्या लाटतो, आडदांड आहे. त्याला मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला माहितीये मॅडम. आम्हीच त्याला म्हणलो होतो, ठेव काहीतरी बरोबर." त्याच्याही डिकीत एक लोखंडी नळी होती. दुसऱ्या दिवशी त्याने ती आणून शिपाईमामांकडे दिली. मी मागितली नव्हती.

आणि व्हिडिओ. तो इंटरनेटवर आहे तोवर दादूच्या दप्तरातून कोयता निघाला तरी डोक्यातून निघणार नव्हता. वकील मुलीने तक्रार करून तो काढायला लावला. तोपर्यंत किती जणांनी बघितला, किती जणांनी साठवून ठेवला, ते मोजता येत नाही. शाळेत मी पहिल्यांदाच एक तास फक्त यावर घेतला: दुसऱ्याच्या अपमानाचा व्हिडिओ आला तर तुम्ही काय करता? वर्गातल्या पाच जणांनी कबूल केलं, की दादूचा व्हिडिओ त्यांनी पुढे पाठवला होता. एक जण त्याच्याच बाकावर बसणारा.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराबद्दल मी नंतर वाचलं. तिथे तरुण पोरं सुरे बाळगत आणि चेहऱ्यावर वार करत. २००५ साली तिथल्या पोलिसांनीच हिंसा कमी करण्यासाठी वेगळा विभाग काढला आणि हा प्रश्न साथीच्या रोगासारखा हाताळायचं ठरवलं: लागण कुठे होते, कुणापासून कुणाला होते, आधी कुठे थांबवता येईल. २००८पासून जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर शाळाशाळांत जाऊन मुलांशी बोलायला लागले, कारण फाटलेले चेहरे शिवता शिवता ते थकले होते. दहा वर्षांत त्या देशातल्या खुनांचा आकडा निम्म्याखाली आला. सगळं श्रेय त्या एका विभागाचं असं मी म्हणणार नाही, बदलाला कारणं बरीच असतात. पण आपल्याकडे कोयत्याचे वार शिवणाऱ्या एखाद्या डॉक्टरने माझ्या वर्गात येऊन अर्धा तास बोलावं, असं मला फार वाटतं. मनगटाची शीर तुटली की बोटं पुन्हा पाना धरतीलच असं नाही, हे मी सांगून काय होणार? गॅरेजवरच्या मुलाला हे डॉक्टरांकडून ऐकू दे.

ताब्यात घेतलेल्या पोरांची वस्तीतून धिंड निघते, तेव्हा आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवतात. त्यांचा राग मी समजू शकते; ज्याच्या रिक्षाची काच रात्रीत फुटली, त्याचा दिवसाचा धंदा बुडालेला असतो. पण उठाबशा काढायला लावलेला माझा मुलगा मी जवळून बघितलाय. लाज वाटल्यावर सोळा वर्षांचं पोर कुठे जातं, कुणाच्या शेजारी जाऊन बसतं, ते बघितलंय. म्हणून त्या टाळ्या मला ऐकवत नाहीत.

२३ ऑक्टोबरला खंडेनवमी होती. दादूच्या आईने मला घरी बोलावलं. पत्र्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाटावर कोयता मांडला होता, हळदकुंकू लावलेला, झेंडूचं फूल वाहिलेलं. मुठीवरची ट्यूबची पट्टी काढून टाकली होती. शेजारी दादूच्या पान्यांचा संच, बापाची वॉचमनची शिट्टी आणि तायडीची शिवणाची कात्री होती. बाप लाजून बाहेरच उभा होता. मला म्हणाला, "रात्री मी दुसऱ्याच्या गेटवर असतो, बाई. पोराला कोण बघणार?" मला उत्तर सुचलं नाही.

२०२४च्या मार्चमध्ये दादूने दहावीची परीक्षा दिली. २७ मेला निकाल लागला, अठ्ठावन्न टक्के. इतिहासात त्याला माझ्या अपेक्षेपेक्षा कमी पडले, मराठीत जास्त. आता तो आयटीआय करतो आणि संध्याकाळी त्याच गॅरेजवर जातो. घरी जायला अजून दहा-साडेदहा होतात. पुलावर दिवा आहे, कठड्यावर पोरं आहेत. काही तीच, काही नवीन. खांद्यावर हात ठेवणारा तो मोठा माणूस अधूनमधून दिसतो. हँडसेटची गोष्ट त्याने परत एकदा काढली होती, हे दादूने मला स्वतःहून सांगितलं.

त्या जुलैत आमच्यात एक ठरलं होतं. घरात पाऊल टाकलं की मला एकच शब्द पाठवायचा: पोचलो. शाळा सुटली तरी त्याने ते थांबवलं नाही. माझ्या फोनमध्ये त्याच्या नावाखाली वर-खाली सरकवलं तर शेकडो वेळा तोच एक शब्द दिसतो.

काल साडेदहा झाले तरी आला नव्हता. अकराला पाच कमी असताना आला. गाडी पंक्चर झाली होती, ढकलत आणली म्हणे, लांबच्या रस्त्याने. मग मी ताट वाढून घेतलं.